बोट धरणाऱ्याची पाठराखण



 वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली. ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शिक्षण म्हणाल तर शाळेचे थोडे आणि युनियनच्या कचेरीतले पुष्कळ. तेव्हा आज विद्वत्तेची अपेक्षा करू नये. गेली तीस वर्षे मजुरांत काम करताना जे दिसले आणि त्याच्या जोडीला जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

विषय असा आहे. घरात पुस्तक नाही, शिकलेले माणूस नाही, अशा मुलामुलींना एखाद्या थोरल्या माणसाची सोबत मिळावी, म्हणून आजकाल पुष्कळ तरुण आपणहून पुढे येतात. इंग्रजीत अशा माणसाला ‘मेंटॉर’ म्हणतात. आम्ही त्याला सोबती म्हणू. ह्या सोबत्याला शिकवायचे कोणी, आणि तो थकला, गोंधळला, तर त्याच्या पाठीशी उभे राहायचे कोणी, हा आजचा प्रश्न आहे. मुलाचे बोट सोबती धरील. पण सोबत्याची पाठराखण कोण करील?

मेंटॉर हा शब्द मूळचा ग्रीकांचा. होमरच्या ‘ओडिसी’ काव्यात राजा युद्धाला जातो तेव्हा आपले घर तो मेंटॉर नावाच्या वृद्ध मित्राच्या हवाली करतो. ह्या मेंटॉरच्या नावावर आज जगभर संस्था चालतात. परंतु काव्यात गंमत अशी आहे की, राजपुत्राला उभारी देण्याचे आणि प्रवासात साथ करण्याचे मोठे काम मेंटॉरचे रूप घेऊन अथेना ही देवीच करते. म्हणजे मूळच्या मेंटॉरलासुद्धा देवीचे साहाय्य लागले! आमच्या लाखनी-लाखांदूरच्या पोरांनी मात्र हे काम कोणाच्याही मदतीवाचून करावे, असे आपण धरून चालतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांसाठी होती. भांडे ठोकायला बसलेला पोरगा वस्तादाच्या शेजारी बसूनच हात कमवी. तालमीत वस्ताद असे, भजनी मंडळात बुवा असे. बिडीच्या कारखान्यात नवीन पोर जुन्या कारागिराजवळ बसे. पान कसे भिजवावे, फर्मा ठेवून कात्रीने कसे कापावे, तंबाखू किती घालावी, तोंड कसे मिटावे, हे बघून बघून शिके. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. वस्ताद मारीत असे, आणि बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात पडे, तो सुटत नसे. परंतु एक गुण होता: वस्ताद रोज जागेवर असे. आज आला आणि उद्या गेला, असे होत नसे. शिवाय त्याच्या पाठीशी सगळा धंदा उभा असे. अडले तर विचारायला शेजारी दुसरा वस्ताद होता.

आता आपल्या जिल्ह्यातल्या मुलांकडे या. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर सात तालुके उरले. वैनगंगेकाठची धानाची शेती, तलाव, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी, मोहाडी-पवनीकडचे कोष्ट्यांचे माग, आणि गावोगावच्या ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाया. बिडीची मजुरी हजारावर मिळते. म्हणून आई वळते आणि पोर दोरा बांधते. छाट निघाली की घरातल्या दोघींच्या कष्टाची छाट निघते. बिडी मजुरांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना बिडी कारखान्यात कामाला बंदी केली. १९८६ च्या बालमजुरीच्या कायद्यानेही बिडीच्या धंद्यात मुलांना बंदी केली, परंतु घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्यात सूट ठेवली. बिडी तर घरोघर वळली जाते! म्हणजे दार लावले आणि खिडकी उघडी राहिली. पुढे शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे नाव शाळेत आले.

नाव आले, मन आले का? कायदा पोराला शाळेच्या फाटकापर्यंत नेतो. भागाकार अडला तर संध्याकाळी कोणाला विचारायचे, आठवीनंतर पुढे काय, वसतिगृहाचा अर्ज कोठे मिळतो, ह्याचे उत्तर कायद्यात नाही. ज्या घरात बाप शिकलेला आहे तेथे ही उत्तरे जेवता जेवता मिळतात. ज्या घरात नाही तेथे ती देणारे माणूस बाहेरून यावे लागते. म्हणून सोबत्याची गरज आहे, आणि म्हणूनच हा मजुरांचा प्रश्न आहे. मजुरीचा दर वाढवण्यासाठी आम्ही भांडतो, ते मुलाच्या हातचा दोरा सुटावा म्हणूनच ना?

तरुण पुढे येतात, हे आम्ही आनंदाने सांगतो. कॉलेजातली मुले-मुली येतात, नोकरी लागलेले येतात. जून महिन्यात गावच्या समाजमंदिरात वर्ग सुरू होतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. जुलैत रोवणी लागते, मुले बांधीत जातात, वर्ग ओस पडतो. दिवाळीनंतर मंडई आली की पुन्हा आठ दिवस सुट्टी. मग कॉलेजच्या परीक्षा. कोणाला नागपूरला, कोणाला पुण्याला नोकरी लागते. फेब्रुवारीत पाहावे तो फळ्यावर अजून ऑक्टोबरची तारीख! ह्यात त्या तरुणांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की हे काम किती दिवसांचे आहे, आणि मुले येईनाशी झाली तर काय करावे.

तुम्ही म्हणाल, चार महिने का होईना, काही तरी झाले. नुकसान तर झाले नाही? येथेच आपली समजूत तपासून पाहावी लागते.

अमेरिकेत १९०४ पासून अशी एक चळवळ चालू आहे. न्यू यॉर्कच्या बालन्यायालयातल्या एर्नेस्ट कूल्टर नावाच्या कारकुनाने ती सुरू केली. न्यायालयापुढे येणाऱ्या प्रत्येक पोराला एक मोठा भाऊ मिळावा, एवढीच त्याची कल्पना. ह्या संस्थेच्या कामाची १९९५ साली रीतसर पाहणी प्रसिद्ध झाली. दहा ते सोळा वर्षांची ९५९ मुले घेतली. अर्ध्यांना लगेच सोबती दिला, अर्ध्यांना दीड वर्ष थांबायला सांगितले. दीड वर्षाने दिसले की सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना नव्याने हात लावण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते आणि दारूचे २७ टक्क्यांनी. हे वाचून आम्हांला आनंद झाला. परंतु ह्याच मुलांच्या माहितीचा दोन संशोधकांनी पुन्हा अभ्यास करून २००२ साली जे मांडले, ते अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली, त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. आणि ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास पूर्वीपेक्षा घटला. आधीच ज्याचा बाप परगावी, त्याला आणखी एक माणूस सोडून गेला. पोर काय समजेल? आपल्यातच काही उणे असेल, असेच ना?

दुसरे उदाहरण ह्याहून कठोर आहे. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल ह्या गावांत डॉक्टर रिचर्ड कॅबट ह्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. ५०६ मुले, त्यांच्या सारख्यासारख्या २५३ जोड्या. जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला, दुसऱ्याला नाही. १९३९ ते १९४५ हे काम चालले. समुपदेशक घरी जात, अभ्यासात मदत करीत, उन्हाळी शिबिरांना पाठवीत. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड ह्या संशोधक बाईंनी त्या मुलांचा, म्हणजे आता झालेल्या बापयांचा, शोध घेतला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी सांगितले की आमचे भले झाले. आणि नोंदी पाहिल्या तर वारंवार गुन्हा करणे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू, ह्या बाबतींत मदत मिळालेले लोक न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाले! हेतू उत्तम, माणसे भली, पैसा भरपूर. तरी असे झाले.

ह्याचा अर्थ मदत करू नये असा आम्ही घेत नाही. औषध उलटते म्हणून कोणी दवाखाना बंद करीत नाही; वैद्याने शिकूनच नाडी धरावी, एवढेच आपण म्हणतो. ‘सेवाभाव असला म्हणजे झाले’ हे आपले आवडते वाक्य आहे. सेवाभाव पाहिजेच. पण विहिरीत उतरणाऱ्याला नुसता धीर देऊन भागत नाही, दोर द्यावा लागतो, आणि वरचे टोक कोणी तरी धरावे लागते.

तर सोबत्याला शिकवायचे काय? आमच्या मते पाच गोष्टी.

पहिली, ऐकणे. आपल्याकडे शिकलेला माणूस गरिबाच्या पोरापुढे बसला की उपदेश सुरू करतो. त्याने पहिले दोन-तीन आठवडे फक्त ऐकावे: घरात कोण, सकाळी पाणी कोण भरते, बिड्या किती वळतो. दुसरी, शिकवण्याची रीत. मूल पाचवीत आहे म्हणून पाचवीचे पुस्तक उघडू नये. त्याला खरोखर कोठपर्यंत येते ते पाहून तेथून धरावे. तिसरी, आपली हद्द ओळखणे. सोबती हा बाप नव्हे, सावकार नव्हे, डॉक्टरही नव्हे. खिशातून पैसे देऊ नयेत, पाळता येणार नाही असा शब्द देऊ नये. घरच्यांच्या पाठीमागे नव्हे, घरच्यांना सांगून काम करावे. आईला वाटता कामा नये की पोर कोणी हिरावून नेत आहे.

चौथी, मुलाची सुरक्षितता. हे बोलायला आपण संकोचतो, म्हणून स्पष्ट बोलतो. मुलांजवळ जाण्याची संधी शोधणारी वाईट माणसेही स्वयंसेवक म्हणून येतात. तेव्हा प्रत्येकाची चौकशी झाली पाहिजे, मग तो कोणाचाही मुलगा असो. आणि भेट चार लोकांच्या नजरेत होईल अशा जागी झाली पाहिजे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ साली जो कायदा झाला, त्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक सोबत्याला पाठ हवा. पाचवी गोष्ट, निरोप घेणे. सोडून जावे लागणार असेल तर महिनाभर आधी मुलाला सांगावे, नव्या सोबत्याची गाठ घालून द्यावी, आणि मग जावे. न सांगता नाहीसे होणे हे ह्या कामातले सर्वांत मोठे पाप आहे.

आता एवढे दोन दिवसांच्या शिबिरात सांगून टाकले की झाले का? नाही. शिबिरातले ज्ञान पहिल्या अडचणीला पुरत नाही, हे आम्ही मजूर चळवळीतले लोक चांगले जाणतो. आम्ही तरुणपणी युनियनमध्ये आलो तेव्हा अर्ज कसा लिहावा हे ठाऊक नव्हते. एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने दोन वर्षे आठवड्यातून तीन संध्याकाळी समोर बसवून अर्ज लिहवून घेतले. चुकलेला अर्ज त्यांनी कधी स्वतः दुरुस्त केला नाही. ‘पुन्हा वाच’ एवढेच म्हणत. त्यांना तरी हा धीर कोठून आला? महिन्यातून एकदा जिल्ह्याचे सारे कार्यकर्ते जमत आणि कोणाचे काय अडले ते मोकळेपणी सांगत. त्या बैठकीत चहाशिवाय काही मिळत नसे. पण तीच त्यांची पाठराखण होती.

ह्याचेच मोठे रूप आपल्या शेजारी नागपुरात उभे राहिले. १९५८ साली केंद्र सरकारने कामगार शिक्षणाचे मंडळ स्थापन केले, त्याचे मुख्य कार्यालय नागपूरला ठेवले. आता त्याला दत्तोपंत ठेंगडी ह्यांचे नाव दिले आहे. त्याची मूळ रचना तीन पायऱ्यांची. वर शिक्षणाधिकारी, त्यांनी युनियनने निवडलेल्या कामगारांना शिकवून कामगार-शिक्षक करायचे, आणि त्या कामगार-शिक्षकाने आपल्या कारखान्यात परतून सोबत्यांचे वर्ग चालवायचे. वर्ग चालवणारा माणूस त्याच खात्यातला, त्याच पाळीतला. ही कल्पना फार मोलाची आहे, कारण तिच्यात शिकवणारा एकटा सोडलेला नाही. त्याच्या वर कोणी तरी विचारायला आहे. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा आणि शिबिरे ह्यांच्या जोरावर तरुण घडवले, तेही असेच: शाखा रोजची, आणि शाखा चालवणाऱ्यासाठी शिबिर वेगळे.

अलीकडचे उदाहरण मुंबई आणि बडोद्याचे. ‘प्रथम’ ह्या संस्थेने पालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, माध्यमिक शाळा शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन त्या रोज दोन तास बसत. सुरुवातीला दोन आठवडे प्रशिक्षण, आणि वर्ष चालू असताना पुन्हा पुन्हा साहाय्य. ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो ह्यांनी इतर दोघांसह ह्या कामाची पाहणी केली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. मुलांची प्रगती पहिल्या वर्षी दिसली आणि दुसऱ्या वर्षी ती सुमारे दुप्पट झाली. सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना. पदवीधर नसलेल्या मुलींनी हे करून दाखवले! पण हेही सांगितले पाहिजे की वर्ग सुटल्यावर वर्षभराने त्या लाभातला बराच भाग ओसरला होता. म्हणजे सोबत चालू राहिली पाहिजे.

आता मजूर कार्यकर्ता म्हणून एक शंका आम्हांलाच येते, ती लपवीत नाही. फुकट काम करणारे मिळाले की पगारी माणूस कोणी नेमत नाही. शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची आणि तेथे स्वयंसेवक बसवायचा, असे झाले तर आम्ही त्याच्या विरोधात उभे राहू. म्हणून रेषा आखून घ्यावी. जो आठवड्याला दोन तास देतो तो स्वयंसेवक. त्याला मानधन नको, पण एसटीचे भाडे आणि वहीपेन्सिलीचा खर्च त्याच्या खिशातून होता कामा नये. जो रोज काम करतो तो कामगार; त्याला वेतन द्यावे. बालसखींना महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. ती रक्कम थोडी होती, पण श्रमाला दाम आहे हे तिने मान्य केले होते.

मग भंडाऱ्यात काय करता येईल? आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

एक: कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यांतले प्रशिक्षणाचे आणि आवारातले काम वगळून वर्षाला सत्तर तास धरले, तरी आठवड्याला दोन तासांप्रमाणे पस्तीस आठवडे होतात. झाडे लावावी, रस्ते झाडावे. पण काही विद्यार्थ्यांचे हे तास एकेका मुलाच्या नावे लावावे. दोन वर्षे तोच विद्यार्थी, तेच मूल.

दोन: वेळापत्रक गावाच्या पंचांगाने करावे. रोवणीचे दिवस, धान कापणी, मंडई, मोहफुले, मे महिन्यातला तेंदूपत्ता, हे आधीच मांडून घ्यावे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मूल पहाटे जंगलात जाते. त्या वेळी वर्ग संध्याकाळी ठेवावा, किंवा आठवड्याला एक भेट ठेवावी. पण दुवा तुटू देऊ नये.

तीन, आणि हीच मुख्य: दहा सोबत्यांमागे एक पाठराखा असावा. त्याने पहिल्या दोन-तीन महिन्यांत दर आठवड्याला सोबत्याची विचारपूस करावी, पुढे महिन्याला एक बैठक घ्यावी. सोबती आजारी पडला तर मुलाकडे स्वतः जावे. पाचशे मुलांना पाचशे सोबती मिळवण्याची घाई करू नये. वीस मुले, वीस सोबती, दोन पाठराखे, एवढ्यावर पहिली दोन वर्षे काढावी. आकडा लहान दिसेल, वर्तमानपत्रात बातमी येणार नाही. पण त्या वीस मुलांपैकी एकालाही कोणी मध्येच सोडून जाणार नाही.

हे पाठराखे कोठून आणायचे? श्रोतेहो, ते ह्या सभेतच बसलेले आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून आणि कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, ज्यांनी चार पोरे वाढवली अशा माउल्या आहेत. वयामुळे गावोगाव फिरणे तुम्हांला जमणार नाही, पोरांबरोबर धावणे जमणार नाही. परंतु महिन्यातून एक संध्याकाळ दहा तरुणांना घरी बोलवावे, चहा करावा, आणि ‘काय अडले?’ एवढे विचारून शांतपणे ऐकावे, हे तर जमेल? तरुणांजवळ उत्साह आहे. तो टिकवून धरायला लागतो तो धीर, आणि धीर ही वयाने मिळणारी मिळकत आहे. ती कुलपात ठेवून कोणाच्या उपयोगी पडणार?

ज्यांना हे पटले असेल त्यांनी जाताना दाराजवळच्या वहीत नाव लिहावे. नाव लिहिण्यापूर्वी मात्र एकच विचार करावा: दोन वर्षे आपण जागेवर राहू का? राहू शकत नसाल तर लिहू नका. त्यात कमीपणा नाही. राहणार असाल तर अवश्य लिहा. रोवणी लागण्यापूर्वी पहिली बैठक घेऊ.